बेणारेबाईंचे मौन

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आसेगावात आम्ही सात-आठ जणांनी विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक मोठ्याने वाचले. सोयाबीन घरात येऊन पडले होते, कपाशीची वेचणी चालू होती. त्यामुळे रात्रीची जेवणे आटोपल्यावरच माणसे मोकळी होत. एका ओळखीच्या घराच्या ओसरीवर आम्ही बसलो. भूमिका वाटून घेतल्या होत्या. ऐकायला घरची आणि शेजारची मंडळी होती. त्यांपैकी बहुतेकांनी तेंडुलकरांचे नाव ऐकले नव्हते, आणि ते एका अर्थी बरेच होते. त्यांच्यापुढे नाटक नाटक म्हणूनच आले, वाङ्मयेतिहासातला मैलाचा दगड म्हणून आले नाही.

वाचन संपले. कोणी काही बोलेना. मग एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने, तो वेळपर्यंत भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होता त्याने, विचारले, "मले एक सांगा भाऊ, त्या बाईनं लेकराले मारलंच नोतं, तं मंग थे बोलली काऊन नाही?"

बेणारेचे काम वाचणारी मुलगी म्हणाली, "बोलली ना आजोबा. शेवटी किती वेळ बोलली!"

म्हातारा म्हणाला, "शेवटी बोलली. पण आयकलं कोनी?"

हे दोन प्रश्न त्या रात्रीपासून माझ्या मनातून गेलेले नाहीत. या नाटकावर गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत पुष्कळ लिहिले गेले आहे. मध्यमवर्गीय ढोंग, स्त्रीचे एकाकीपण, समूहातली क्रूरता, नाटकातले नाटक, या सर्व अंगांनी त्याची चिकित्सा झालेली आहे. पण म्हाताऱ्याचे प्रश्न मला अधिक मुळाशी जाणारे वाटतात. बेणारे का बोलत नाही? आणि ती बोलत नाही याचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाला आहे? प्रस्तुत लेखात मला एवढ्याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

ज्यांच्या मनात नाटकाचा तपशील आता पुसट झाला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात आठवण करून देतो. मुंबईची एक हौशी मंडळी एका खेड्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी आलेली आहे. रात्री खटला चालायचा आहे तो अमेरिकेच्या अध्यक्ष जॉन्सनवर, अण्वस्त्रांच्या संदर्भात. दुपारचा वेळ आहे. सभागृह रिकामे आहे. सामंत नावाच्या गावच्या भोळ्या माणसाला कोर्टाचे कामकाज ठाऊक नाही. त्याला ते समजावे आणि आपलाही वेळ जावा म्हणून एक गंमतीचा खटला करायचे ठरते. आरोपी म्हणून निवडली जाते लीला बेणारे ही शिक्षिका, आणि आरोप ठेवला जातो भ्रूणहत्येचा. गंमत म्हणून सुरू झालेला हा खटला पाहता पाहता तिच्या खाजगी आयुष्यात शिरतो. ती अविवाहित आहे, गरोदर आहे. आणि ज्यांच्यामुळे ती या अवस्थेला आली ते प्राध्यापक दामले त्या दिवशी आलेलेच नाहीत.

मौज अशी की आरंभी सर्वांत अधिक बोलणारी व्यक्ती बेणारेच आहे. ती सामंतापाशी आपल्या विद्यार्थ्यांविषयी भरभरून बोलते, गाते, मंडळींतल्या एकेकाची नक्कल करते. आरोप ठेवला जातो तेव्हाही ती हसण्यावारी नेते. साधे झुरळ मारायची आपल्याला भीती वाटते, असे ती सांगते. मग साक्षी सुरू होतात आणि एकेक साक्षीगणिक तिचे बोलणे आटत जाते. रोकडे तिला दामल्यांच्या घरी पाहिल्याचे सांगतो. सामंत तर एका कादंबरीत वाचलेला प्रसंगच दामल्यांच्या दाराआडून ऐकलेला संवाद म्हणून सांगतो. आणि दुर्दैव असे की त्याची थाप नेमकी वर्मी बसते. बेणारे निघून जाऊ पाहते, तर दाराची कडी बाहेरून लागलेली आहे. पुढे पोंक्षे तिच्या पर्समधून पडलेल्या टिक-ट्वेंटीच्या बाटलीची हकीगत सांगतो. सुखात्मे वकील आरोपीलाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलावतात, आणि तिथे बेणारे बोलायची थांबते. नाव, शपथ, वय, अविवाहित राहण्याचे कारण, कशालाच उत्तर नाही. वयाचा अंदाज काशीकरबाई परस्पर सांगून टाकतात.

या मौनाचे पुढे काय होते? कोर्ट ते मौन मौन म्हणून राहू देत नाही. बेणारे गप्प आहे, म्हणजे तिच्यापाशी सांगण्यासारखे काही नाही. सांगण्यासारखे काही नाही, म्हणजे जे म्हटले जाते ते खरे आहे. 'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत हसत हसत वापरतात. तेच वचन इथे आरोप सिद्ध करायला वापरले जाते. आमच्या ओसरीवरच्या म्हाताऱ्याचा पहिला प्रश्नही याच वचनाच्या पोटी आलेला होता. फरक एवढाच की तो प्रामाणिक माणूस होता, म्हणून त्याने निकाल दिला नाही; प्रश्न विचारला.

आता कायद्याचे म्हणणे पाहू. नाटकाच्या समीक्षेत कायदा कशाला, असे कोणी म्हणेल. पण तेंडुलकरांनीच कोर्टाचा साचा पत्करला आहे, तेव्हा तो साचा कुठे मोडला आहे हे पाहणे समीक्षकाला चुकत नाही. 26 जानेवारी 1950 पासून अमलात आलेल्या आपल्या संविधानाच्या 20व्या अनुच्छेदाचा तिसरा खंड सांगतो की, कोणत्याही आरोपीवर स्वतःच्याच विरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही. 1955 साली फौजदारी संहितेत जी दुरुस्ती झाली तिने आरोपीला आपल्या बचावासाठी शपथेवर साक्ष देण्याची मुभा दिली, पण त्याने स्वतः लेखी मागणी केली तरच. त्याने साक्ष दिली नाही, तर त्यावर ना पक्षकारांनी टीका करायची, ना न्यायाधीशाने, ना त्यातून त्याच्याविरुद्ध काही गृहीत धरायचे. नाटक रंगभूमीवर आले 1967-68च्या सुमारास. म्हणजे सुखात्मे बेणारेला पिंजऱ्यात ओढतात तेव्हा तो कायदा दहा-बारा वर्षांचा झालेला होता, आणि वकिलीच्या ऐटीत वावरणाऱ्या सुखात्म्यांना तो ठाऊक असायला हवा होता.

पण मला वाटते, काशीकरांच्या या कोर्टाला कोर्ट म्हणून तपासणेच चुकीचे आहे. दार बाहेरून बंद आहे. आरोपीला बाहेर जाता येत नाही. तिच्या बाजूने बोलणारे कोणी नाही. बचावाचा वकीलही सुखात्मेच, आणि फिर्यादी पक्षाचा वकीलही सुखात्मेच. न्यायाधीश काशीकर ऐन वेळी खुर्चीवरून उतरून स्वतःच साक्ष देतात. प्रश्न उत्तरासाठी विचारलेले नाहीत. समोरच्याचे मन मोडावे म्हणून विचारलेले आहेत. याला न्यायालय म्हणत नाहीत. ही चौकशीची खोली आहे. पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत जे घडू नये म्हणून कायद्याने शतकाहून अधिक काळ कुंपणे घातली, ते सारे या सभागृहात भरदिवसा, चहा-पानाच्या खेळीमेळीत, सुशिक्षित माणसांच्या हातून घडते.

ती कुंपणे कोणती होती हे थोडे आठवून पाहावे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होऊ शकत नाही, हे 1872च्या पुराव्याच्या कायद्यात इंग्रजांनीच लिहून ठेवले. परक्या राज्यकर्त्यांचाही आपल्या पोलिसांवर किती विश्वास होता, हे यावरून कळते. ती तरतूद 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. पोलिसांच्या प्रश्नांना उत्तरे देणे माणसावर बंधनकारक आहे, परंतु ज्या उत्तराने तो स्वतःच गुन्ह्याच्या आरोपात सापडेल ते उत्तर देणे बंधनकारक नाही, हेही जुनेच कलम आहे. 1978 साली ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या लेखणीतून, स्पष्ट केले की हे संरक्षण न्यायालयाच्या पिंजऱ्यातच सुरू होत नाही, ते पोलिसांच्या चौकशीपासूनच सुरू होते. त्याच निकालात स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात बोलावण्यावरही बोट ठेवलेले आहे. स्त्रीची विचारपूस तिच्या राहत्या घरीच व्हावी असा कायदा आहे. पुढे 2010 साली सेल्वी यांच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की गुंगीचे औषध टोचून माणसाकडून वदवून घेणेही त्याच्या इच्छेविरुद्ध चालणार नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट आहे, ती मला फार बोलकी वाटते. 1898च्या फौजदारी संहितेत म्हटले होते की न्यायाधीशाच्या प्रश्नांना उत्तर दिले नाही म्हणून आरोपीला शिक्षा होणार नाही. पण त्या नकारातून न्यायालयाला योग्य वाटेल तो निष्कर्ष काढता येईल. म्हणजे गप्प राहा, परंतु तुमच्या गप्प राहण्याचा अर्थ आम्ही लावू. 1973ची नवी संहिता आली तेव्हा हे पुढचे वाक्य गळले. तेंडुलकरांचे नाटक या दोन संहितांच्या मधोमध उभे आहे. कायद्याच्या पंडितांनी नाटक पाहून वाक्य गाळले, असे मला मुळीच सुचवायचे नाही. पण त्या वाक्यातला अन्याय कायद्यातून जाण्याआधी पाच-सहा वर्षे मराठी रंगभूमीवर उघडा पडला होता, एवढे म्हणायला हरकत नसावी.

या नाटकाच्या संदर्भात फ्रीडरिश ड्युरेनमाट या स्विस लेखकाच्या 1956 सालच्या 'डी पाने' या कथेची आठवण अभ्यासकांना होते. साम्य उघड आहे. मोटार बिघडल्यामुळे अडकून पडलेला ट्राप्स नावाचा फिरता विक्रेता एका निवृत्त न्यायाधीशाच्या घरी मुक्कामाला राहतो. तिथे निवृत्त वकील मंडळी जेवता जेवता खटल्याचा खेळ खेळतात आणि आरोपी म्हणून ट्राप्स उभा राहतो. साम्यापेक्षा मला भेद महत्त्वाचा वाटतो. ट्राप्सचा वकील त्याला पुन्हा पुन्हा बजावतो की तोंड सांभाळ. पण ट्राप्सला बोलण्याची हौस आहे. दारूच्या घुटक्यागणिक तो आपल्या साहेबाच्या मृत्यूची हकीगत रंगवून सांगतो, आणि आपण खुनी आहोत या कल्पनेने त्याला स्वतःविषयी एक नवाच मोठेपणा वाटू लागतो. अखेरीस तो गळफास घेतो. ट्राप्स बोलून बुडाला. बेणारे गप्प राहून बुडाली. दोन्हीकडे खेळ तोच, दोन्हीकडे निकाल आधीच ठरलेला. ज्या कोर्टात बोलले तरी फाशी आणि न बोलले तरी फाशी, तिथे सत्य शोधले जात नसते, एवढाच याचा अर्थ.

आता नाटकाच्या शेवटाविषयी माझी तक्रार मांडतो. बेणारेला बचावासाठी दहा सेकंद दिली जातात. त्या दहा सेकंदांत सारे पात्रसमूह जागच्या जागी गोठतात आणि बेणारेचे ते प्रसिद्ध स्वगत सुरू होते. आयुष्यावरचे तिचे प्रेम, कोवळ्या वयातली मामाकडून झालेली फसवणूक, नंतरची दामल्यांवरची भक्ती, शरीराविषयीचा राग आणि ओढ, सारे ती बोलून टाकते. सुलभा देशपांडे यांनी अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली 'रंगायन'च्या प्रयोगात ही भूमिका केली आणि ती मराठी रंगभूमीच्या इतिहासाचा भाग झाली. या स्वगतावर कितीतरी अभिनेत्रींनी आपले सामर्थ्य अजमावले आहे. स्पर्धांतून ते स्वतंत्रपणेही सादर होते. त्याची नाट्यमयता मी नाकारीत नाही. त्यातली वेदना खरी आहे.

तरीही नाटकाचा कळस या स्वगतात आहे असे मानणे मला मान्य नाही. कळस त्याच्या आधी येऊन गेलेला आहे. बेणारे पिंजऱ्यात उभी आहे, सुखात्मे प्रश्नामागून प्रश्न विचारीत आहेत, आणि ती ओठ मिटून उभी आहे. हा या नाटकातला सर्वांत उंच क्षण आहे. त्या क्षणी तिच्यापाशी तिचे असे एकच काही शिल्लक आहे: आपल्या आयुष्याची हकीगत कोणाला सांगायची आणि कोणाला नाही, हे ठरवण्याची मुखत्यारी. नोकरी जाणार, अब्रू गेली, दामले पाठ फिरवून बसले. मूल राहील की नाही याचा भरवसा नाही. ही एक गोष्ट मात्र काशीकरांना काढून घेता आलेली नाही. स्वगत तीही काढून घेते.

स्वगत कोणासाठी आहे? रंगमंचावरच्या कोणीही ते ऐकत नाही. म्हाताऱ्याने नेमके हेच विचारले होते. ते ऐकतो आपण, तिकीट काढून बसलेले प्रेक्षक. आपल्याला बेणारेची कणव आली आहे, आपण काशीकरांचे नाही, असे आपल्याला वाटते आहे. परंतु तिचे खरे काय घडले हे कळल्यावाचून आपल्यालाही घरी जाववत नाही. तिने काशीकरांना जे सांगायचे नाकारले ते आपल्याला सांगावे, अशी आपली अपेक्षा असते, आणि नाटककार ती पुरी करतो. आपल्या सहानुभूतीला पुरावा लागतो. तिने आपली जखम उघडून दाखवावी, मग आम्ही रडू. या बाबतीत काशीकरांत आणि आपल्यात केवळ स्वराचा फरक उरतो, असे मला ओसरीवर वाचताना पहिल्यांदा जाणवले, आणि मी थोडा ओशाळलो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही. तो असा, की बेणारेचे मौन हा तिने वापरलेला हक्क कुठे आहे? ती तर कोंडलेली आहे, खचलेली आहे. तिला बोलवतच नाही. गप्प बसणे आणि गप्प बसवले जाणे यांत अंतर आहे. शतकानुशतके ज्यांना गप्प बसवले त्यांच्या मौनाचे तुम्ही गौरव गाणार, तर त्यांचा आवाज कधी फुटणार? स्वगत हा तो फुटलेला आवाज आहे.

आक्षेपात तथ्य आहे हे मी मान्य करतो. किंबहुना नाटकाच्या शीर्षकातच हा पेच आहे. 'शांतता!' हा हुकूम आहे. कोर्टाने दुसऱ्यावर लादलेले मौन आहे. बेणारेचे पिंजऱ्यातले मौन त्या हुकुमाच्या पलीकडचे आहे, कारण त्या घटकेला कोर्टाला शांतता नको आहे, जबानी हवी आहे. ज्या तोंडाला इतका वेळ गप्प बसवले त्याच तोंडाने आता बोलावे असा आग्रह आहे. हुकमाने गप्प बसणे ही गुलामी; हुकूम झाला तरी न बोलणे ही तिची उरलीसुरली मोकळीक. ती खचलेली आहे म्हणून तिच्या मौनाची किंमत कमी होत नाही. कायद्याने हा हक्क धीट माणसांसाठी केलेला नाही. जो घाबरला आहे, ज्याला आपली बाजू नीट मांडता येत नाही, ज्याच्या तोंडून भलताच शब्द जाईल, त्याच्यासाठीच तो प्रामुख्याने आहे.

परंतु मौनाचा हक्क सर्वांना सारखा लाभतो का? इथे दामल्यांकडे वळले पाहिजे. सबंध नाटकात दामले एक शब्द बोलत नाहीत, कारण ते आलेलेच नाहीत. त्यांची खुर्ची रिकामी आहे. आणि नवल असे की त्यांच्या या मौनाचा अर्थ कोणीही लावीत नाही. ते का आले नाहीत, असे कोर्ट खडसावून विचारीत नाही. त्यांना समन्स नाही, त्यांच्या वयाची चौकशी नाही. पोराबाळांच्या विवाहित गृहस्थाचे मौन म्हणजे प्रतिष्ठा. अविवाहित शिक्षिकेचे मौन म्हणजे कबुली. 1961 साली मुंबई राज्य विरुद्ध काठी काळू ओघड या खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने असा भेद केला होता की आरोपीच्या बोटांचे ठसे वा हस्ताक्षर घेणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्षीदार करणे नव्हे. सक्ती निषिद्ध आहे ती त्याच्या ज्ञानातली गोष्ट त्याच्याकडून वदवून घेण्याची. बेणारेच्या बाबतीत निसर्गानेच हा भेद निरर्थक करून टाकला आहे. तिने ओठ मिटले तरी तिचा देह तिच्याविरुद्ध साक्ष देतो. दामल्यांचा देह काहीच सांगत नाही. निकाल मात्र असा, की ज्या भ्रूणहत्येचा आरोप बेणारेवर ठेवला तीच भ्रूणहत्या कोर्ट शिक्षा म्हणून फर्मावते.

तेंडुलकरांनी पुढे 1972 साली 'घाशीराम कोतवाल'मध्ये याच विषयाची दुसरी बाजू दाखवली. तिथे चोरीचा आळ आलेल्या ब्राह्मणाला दिव्य करायला लावतात. तापलेल्या लोखंडापुढे तो कबूल होतो, आणि कबूल झाला म्हणजे चोर ठरतो. बेणारेला मौनाने गुन्हेगार केले. या ब्राह्मणाला शब्दाने. कोतवालाची ही रीत पेशवाईबरोबर संपली, असे मानण्याचे सुख आपल्याला नाही. महाराष्ट्राने 1999 साली संघटित गुन्हेगारीविरुद्ध जो कायदा केला, त्यात अधीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरला आहे. 1872 पासूनच्या कुंपणाला पाडलेले हे एक दार आहे. 11 जुलै 2006च्या मुंबईतील रेल्वे बॉम्बस्फोटांच्या खटल्यात 2015 साली बारा जण दोषी ठरले, त्यांतल्या पाच जणांना फाशीची शिक्षा झाली. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवले, आणि तसे करताना ते कबुलीजबाब विश्वासार्ह मानले नाहीत. निकालाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. स्फोटांत ज्यांची माणसे गेली त्यांनाही शेवटी सत्य हवे असते, कोणाची तरी कबुली नव्हे. आणि वदवून घेतलेल्या कबुलीने सर्वांत मोठा तोटा होतो तो त्यांचाच.

ज्या साली 'घाशीराम' रंगभूमीवर आले त्याच साली, आमच्याच विदर्भाच्या पूर्व टोकाला, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. पुढे तो 'मथुरा खटला' म्हणून देशभर ओळखला गेला. ती आरोपी नव्हती. तिच्या भावाच्या तक्रारीवरून रात्री जबानीसाठी तिला ठाण्यात आणलेले होते. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, भीतीने हतबल होऊन निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे, असे सांगून त्यांना दोषी ठरवले. आणि सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली, अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत या कारणावरून संमती गृहीत धरून, त्यांना पुन्हा सोडले. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धगमवार या चार अध्यापकांनी 1979 साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर निदर्शने झाली, आणि 1983 साली कायदा बदलला. कोठडीतल्या अशा प्रकरणी, आपली संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले तर ती नव्हती असेच धरून चालायचे, असे ठरले.

नंदिनी सत्पथी यांचा निकाल आणि हा निकाल एकाच वर्षातले, एकाच न्यायालयातले. एकात आरोपीच्या मौनाला संरक्षण मिळाले, दुसऱ्यात एका मुलीच्या निमूटपणाचा अर्थ तिच्याविरुद्ध लावला गेला. ही तुलना काटेकोर कायद्याची नाही, हे मला ठाऊक आहे. दोन्ही प्रश्न कायद्याच्या निरनिराळ्या घरांतले आहेत. परंतु वाचक म्हणून मला त्या दोन्हींच्या मागे काशीकरांचे सभागृह दिसते. मौन ज्याचे त्याचे असते. त्याचा अर्थ मात्र खुर्चीवर बसलेला लावतो. बेणारेचे नाटक या दोन्ही निकालांच्या दहा वर्षे आधी हे सांगून गेले होते, आणि म्हणून मी त्याला मोठे नाटक म्हणतो. माझी तक्रार एवढीच की जे मौन नाटककाराला इतके खोल दिसले होते, ते त्याने शेवटपर्यंत राहू दिले नाही.

राहता राहिला सामंत. मुंबईच्या प्रेक्षकाला तो विनोदी पात्र वाटतो. आसेगावात वाचताना त्याच्यावर फारसे कोणी हसले नाही. सामंत आमच्यातला आहे. शहरातली शिकलेली माणसे आपल्या गावात आली, त्यांनी पिंजऱ्यात उभे राहायला सांगितले, म्हणून तो राहिला. काहीतरी सांगणे भाग आहे असे वाटले, म्हणून त्याने पुस्तकातले सांगितले. "मला काही ठाऊक नाही" असे म्हणून गप्प राहता येते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. गावाकडे 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असे म्हणतात, पण पायरी चढावीच लागली तर तिथे काय करावे हे कोणी शिकवीत नाही. अमेरिकेत 1966 सालापासून ताब्यातल्या माणसाला, प्रश्न विचारण्यापूर्वी, तुला गप्प राहण्याचा हक्क आहे असे पोलिसांना सांगावे लागते. आपल्याकडे कबुलीजबाब नोंदवण्यापूर्वी दंडाधिकारी तसे बजावतो. पण बहुतेक माणसांची गाठ दंडाधिकाऱ्याच्या कितीतरी आधी हवालदाराशी पडते. सामंताच्या भोळ्या बडबडीने बेणारेचा घात झाला. म्हणजे गप्प राहण्याचा हक्क ज्याला ठाऊक नाही, त्याचे बोलणे दुसऱ्याच्या मौनावर उलटते. पण तोच सामंत शेवटी परत येतो, आणि निपचित पडलेल्या बेणारेजवळ कापडाचा हिरवा पोपट ठेवून काही न विचारता निघून जातो. साऱ्या नाटकात तिला प्रश्न न विचारणारा त्या घटकेचा तो एकटाच माणूस आहे.

त्या रात्री म्हाताऱ्याला मला नीट उत्तर देता आले नाही. काहीतरी कायद्याचे बोललो, ते त्याने शांतपणे ऐकून घेतले. बैठक मोडली, माणसे उठली. जाता जाता ओसरीच्या पायरीवर काठी टेकीत तो बेणारेचे काम केलेल्या मुलीला म्हणाला, "बाई, तू मंघाशी चूप उभी होती ना, तवाच मले समजलं होतं."